रस्ता कोणाचा? ट्रामच्या परवान्यापासून फोनमधल्या ॲपपर्यंत

दादर टी.टी. मधलं ‘टी.टी.’ म्हणजे काय, असं आजच्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला विचारून बघा. बहुतेक जण खांदे उडवतील. ट्राम टर्मिनस! ट्राम तिथे संपायची म्हणून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर धावली. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. रूळ डांबराखाली गेले, नाव तेवढं राहिलं.

पण आज मला ट्रामच्या आठवणी सांगायच्या नाहीत. एक आण्याच्या तिकिटाच्या आणि घंटेच्या गोष्टी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पुष्कळ सांगून झाल्यात. मला सांगायचंय ते ट्रामच्या कागदाबद्दल, म्हणजे कंपनी आणि शहर यांच्यातल्या कराराबद्दल. विषय कंटाळवाणा वाटेल, पण जरा धीर धरा.

सध्या देशात दोन वाद चालू आहेत. एक विजेचा. एकाच भागात अनेक कंपन्यांनी एकाच तारांवरून वीज विकावी, असं सुचवणारा विद्युत कायदा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांपुढे ठेवला. दुसरा वाद गूगल, मेटा वगैरे बड्या टेक कंपन्यांना वेसण घालायची की नाही, आणि घालायची तर कशी, याचा. दोन्ही ठिकाणी चर्चा अशी चाललेली असते की जणू हा प्रश्न माणसाला पहिल्यांदाच पडलाय. प्रत्यक्षात कुलाबा ते दादर या पट्ट्यात तो दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. आणि त्याचं निम्मं उत्तर आपल्या नगरपालिकेने तेव्हाच दिलं होतं. निम्मंच का, ते पुढे सांगतो.

तर सुरुवातीपासून. मुंबईत घोड्यांची ट्राम चालवायची कल्पना पहिल्यांदा १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने मांडली. परवानाही मिळाला. पण तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, इकडे कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार झोपला आणि ट्राम कागदावरच राहिली. मग १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ट्रामसाठी खास कायदा झाला आणि ९ मे १८७४ ला पहिली ट्राम निघाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. भाडं तीन आणे, तिकीट नाही. लोकांची झुंबड उडाली तसं भाडं दोन आण्यांवर आलं. आणि फुकटे वाढले तसं त्याच वर्षी तिकीटही आलं. (मुंबईकर तेव्हाही मुंबईकरच होता!)

आता त्या कायद्यातली गंमत बघा. कंपनी खासगी, पैसा तिचा, घोडे तिचे, फायदा तिचा. पण रूळ टाकायचे ते नगरपालिकेच्या रस्त्यावर. म्हणून पालिकेने आपल्याकडे एक हक्क राखून ठेवला. ठरलेल्या मुदतीनंतर, म्हणजे १९०१ साली, सगळी ट्राम विकत घेण्याचा. जप्त करण्याचा नव्हे, पैसे मोजून विकत घेण्याचा.

या एका कलमाची ताकद १८९९ मध्ये दिसली. कंपनी पालिकेकडे आली आणि म्हणाली, आता घोडे पुरे, विजेवर ट्राम चालवू या. पण त्याला भांडवल प्रचंड लागणार. तेव्हा तुम्ही तो विकत घ्यायचा हक्क सोडून द्या, म्हणजे आम्हाला निर्धास्तपणे पैसे घालता येतील.

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? ‘नवं तंत्रज्ञान हवं असेल तर जुने नियम बाजूला ठेवा.’ सव्वाशे वर्षांत त्यातला शब्दही बदललेला नाही. पालिकेचं उत्तर मात्र आज ऐकायला मिळणार नाही असं होतं. पालिका म्हणाली, हक्क सोडत नाही, उलट तो वापरूनच दाखवतो. मग कायदेशीर कटकटी झाल्या आणि प्रकरण काही वर्षं रखडलं. शेवटी १९०५ मध्ये पालिका, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश इलेक्ट्रिकल ही विलायती कंपनी यांच्यात मिळून मुंबईचा वीज परवाना झाला. जुनी कंपनी बाजूला झाली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी जन्माला आली, आपली बेस्ट! वाडीबंदरला वीजघर झालं आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम रस्त्यावर आली. म्हणजे पालिकेने हक्क सोडला नाही तरी नवं तंत्रज्ञान आलंच. भांडवल पळून गेलं नाही. फक्त ते अटी वाचून आलं.

आणि १९०५ च्या व्यवहारातही मुदत होतीच. १९०५ मध्ये ४२ मिळवा, १९४७ येतं. विलायतेत वीजकंपन्यांसाठी १८८८ च्या कायद्याने ४२ वर्षांचीच मुदत घातली होती. कंपनीला पैसे वसूल करायला पुरेसा वेळ, पण कायमची मिरासदारी नाही, असा तो हिशोब. त्याप्रमाणे ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या बरोबर आठ दिवस आधी, महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली. सगळा देश लाल किल्ल्याकडे बघत असताना मुंबई महापालिका शांतपणे एका जुन्या परवान्याप्रमाणे आपली वीज आणि ट्राम विकत घेत होती. मला या तारखेचं फार कौतुक वाटतं. मोर्चा नाही, राष्ट्रीयीकरणाची गर्जना नाही. मुदत भरली, हक्क वापरला, संपलं.

हे मुंबईपुरतं नव्हतं हं. १९१० च्या भारतीय वीज कायद्यातच सोय होती की परवान्यात लिहिलेली मुदत संपली (जास्तीत जास्त ५० वर्षं) की स्थानिक संस्थेला ती वीजकंपनी विकत घेता येईल. इंग्रज सरकार काही समाजवादी नव्हतं. पण रस्ता खणायला परवानगी देणाऱ्याने परतीचा दरवाजा उघडा ठेवायचा असतो, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखाद्या क्लाउड कंपनीशी करार करायचा असला की जाणता माणूस आधी दर बघत नाही. तो शेवटची पानं उघडतो. सोडून जायचं झालं तर आमचा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळणार? किती दिवसांत? त्याचे वेगळे पैसे लागणार का? आत जायचा दरवाजा सगळेच रुंद ठेवतात. कराराची खरी किंमत बाहेर पडायच्या दरवाजावर ठरते. १८७४ ची पालिका हे जाणून होती.

उलट उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. आपल्याच राज्यात, दाभोळला. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. पैशाचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला. वीज उचला नाहीतर नका उचलू, ठरलेला आकार भराच. वर सरकारची हमी. १९९५ मध्ये युती सरकार प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत आलं, त्याने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये वाटाघाटी करून तोच प्रकल्प आणखी मोठा करून परत आणला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, मे २००१ मध्ये मंडळाने घेणं थांबवलं, डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. याला काँग्रेस, शिवसेना, भाजप असा पक्षीय रंग द्यायला मला रस नाही, कारण सगळ्यांचेच हात त्यात होते. मुद्दा एवढाच की १८७४ साली ज्या शहराला कळत होतं ते १९९३ च्या मंत्रालयाला कळलं नाही. आपण कंपनीसाठी सगळे दरवाजे उघडले आणि स्वतःसाठी एकही ठेवला नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस नगरपालिकेची आरती ओवाळायला बसलाय. तसं नाही. मघाशी मी ‘निम्मं उत्तर’ म्हटलं ते उगाच नाही. कारण त्या करारांच्या टेबलाभोवती जे बसले होते त्यांचंच हित त्यात लिहिलं गेलं. पालिका, कंपनी आणि पैसे भरणारा ग्राहक. जे बाहेर होते त्यांचं काय झालं?

आधी लालबाग-परळचं बघू. गिरणीत विजेचे दिवे नव्हते तोवर कामाचा दिवस उजेडाला बांधलेला होता. सकाळी दिसायला लागलं की भोंगा, अंधारलं की सुट्टी. उन्हाळ्यात मोठा दिवस, हिवाळ्यात लहान. कष्ट होतेच, पण सूर्याने घातलेली एक मर्यादा होती. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती मर्यादा गेली. १९०५ च्या सुमारास धंदा तेजीत होता. दिवे लावून दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्याच वर्षी कामगार त्याविरुद्ध उठले. म्हणजे ज्या साली शहर विजेचा इतका शहाणपणाचा परवाना लिहीत होतं, त्याच साली गिरणगावात विजेचा अर्थ जास्तीचे तीन तास असा होता. त्यावर कायदा आला १९११ मध्ये. कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाला दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. बारा! आणि ही सुधारणा होती. त्याआधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला होता, त्यातल्या रविवारच्या सुट्टीला १८९० उजाडावं लागलं. दिवा एका दिवसात पेटतो, त्याच्याबरोबर यायला हवा तो कायदा सहा-सहा वर्षं मागून येतो.

दुसरे बाहेरचे लोक सह्याद्रीच्या माथ्यावर होते. गिरण्यांची इंजिनं कोळशाच्या वाफेवर चालत. टाटांनी लोणावळ्याजवळ पावसाचं पाणी अडवून ते पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये ती वीज मुंबईत आली. तंत्रज्ञान म्हणून ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. गिरण्या हळूहळू विजेवर आल्या, कोळशाचा धूर कमी झाला, बेस्टनेही आपली वीजघरं बंद करून १९२५ पर्यंत सगळी वीज टाटांकडून घ्यायला सुरुवात केली. शहराची भूक वाढली, आणखी धरणं हवी झाली, आणि पाळी आली मुळशीची. जमीन घेतली सरकारने, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, एका खासगी कंपनीसाठी. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट तिथेच ‘सेनापती’ झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, मग मोडला. धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

गिरगावच्या चाळीतल्या दिव्याला मुळशीच्या गावांचं बुडणं चिकटलेलं आहे, हे आपण मुंबईकर सोयीस्करपणे विसरतो. दिवा नको होता, असं मी म्हणत नाही. पण ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी परवान्यात एकही ओळ नव्हती, एवढं तरी कबूल करू या. आज नवी मुंबईत डेटा सेंटरं उभी राहतायत. त्यांना चोवीस तास वीज आणि थंडावा लागतो. त्यांच्यासाठी सवलतींची धोरणं आहेत. ती वीज कुठून येणार आणि तिची राख आणि धूर कोणाच्या अंगणात पडणार, हा प्रश्न मुळशीचाच आहे, कपडे तेवढे बदललेत.

बरं, विकत घेतल्यावर तरी सगळं गोड झालं का? नाही. बेस्टचा वीजविभाग कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत दहा लाखांच्या वर ग्राहकांना वीज देतो, आणि देतो चांगली. पण बसच्या तोट्याचं ओझं वर्षानुवर्षं त्याच्या खांद्यावर टाकलं गेलं. काही काळ तर बसची तूट भरून काढायची रक्कम वीजबिलात वेगळी लागून येत असे. मला स्वतःला बस तोट्यात चालली तरी चालेल, ती शहराची गरज आहे. पण तो तोटा महापालिकेच्या अर्थसंकल्पात उघडपणे दिसला पाहिजे. दुसऱ्याच्या बिलात लपवलेला नको. नाहीतर मालकी लोकांची आणि हिशोब कोणालाच माहीत नाही, अशी गत होते.

उपनगरात वेगळाच प्रयोग झाला, आणि तो आज सगळ्या देशाने बघण्यासारखा आहे. तिथे १९२९ पासून बीएसईएस होती, ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. टाटांकडेही त्या भागाचा परवाना होता. टाटांना किरकोळ ग्राहकालाही वीज विकता येईल, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जुलै २००८ मध्ये दिला. मग २००९ मध्ये वीज आयोगाने वाट काढली. तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची. तारा वापरल्याचं भाडं रिलायन्सला. ग्राहकाने अर्ज करायचा आणि कंपनी बदलायची. मोबाईल कंपनी बदलावी तशी!

ऐकायला झकास. झालं काय? विजेच्या दरात एक गुपित असतं. दुकानं, ऑफिसं, कारखाने जरा जास्त दर देतात म्हणून छोट्या घरांना जरा कमी पडतो. मोठे ग्राहक उठून दुसरीकडे गेले की मागे राहिलेल्या छोट्यांचा भार कोण उचलणार? टाटा फायद्याचे ग्राहक वेचून नेतात, अशी रिलायन्सची तक्रार होती. शेवटी २०११ मध्ये आयोगाने कंपनी बदलणाऱ्यांवर वेगळा अधिभार लावला. म्हणजे निवड दिली, मग निवडीवर पट्टी लावली.

२०२५ चा मसुदा हाच प्रयोग देशभर न्यायचं म्हणतोय. शिवाय कारखाने आणि रेल्वे यांच्याकडून घेतला जाणारा हा जास्तीचा भार पाच वर्षांत संपवायचा, असंही त्यात आहे. मी स्पर्धेच्या विरोधात नाही. एकाच तारेवर अनेकांना विकू देणं ही अभियंता म्हणून मला पटणारी रचना आहे. रस्ता एक, गाड्या अनेक. पण रस्त्याची दुरुस्ती कोण करणार आणि न परवडणाऱ्या गल्लीत गाडी कोण नेणार, हे आधी लिहायचं असतं. मुंबईत ते नंतर लिहायची वेळ आली. दिल्लीत बसून ‘मोबाईलसारखी निवड’ म्हणणाऱ्यांनी अंधेरी-घाटकोपरची २००९ ते २०११ ची बिलं एकदा समोर ठेवून बसावं.

आता येतो बिग टेककडे. कोणी म्हणेल, ट्रामला रस्ता लागतो, तारेला खांब लागतो, गूगलला काय लागतं? इथेच आपली नजर चुकते. यूपीआय घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेला हा पैशांचा रस्ता एनपीसीआय या संस्थेने बांधला, रिझर्व्ह बँकेच्या छायेत. दादरच्या फुलबाजारातल्या गजरेवालीपासून परळच्या टॉवरपर्यंत सगळे त्याच रस्त्याने जातात. पण त्यावरची चार-पंचमांशांच्या आसपास वाहतूक फोनपे आणि गूगल पे या दोनच गाड्यांतून होते. धोका एनपीसीआयला दिसत नव्हता असं नाही. कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असा नियम तिने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. मोठ्या ॲपना दोन वर्षांची सवड मिळाली, म्हणजे २०२२ अखेर. मग ती झाली २०२४ अखेर. मग ३१ डिसेंबर २०२६. १८९९ मध्ये पालिकेने कंपनीला जे उत्तर दिलं ते इथे कोणी दिलं नाही. रस्ता आपला, आणि तारखा गाडीवाल्याच्या सोयीच्या.

जिथे रस्ता आपण बांधलेला नाही तिथे तर बोलायलाच नको. अँड्रॉइडबद्दल गूगलविरुद्ध तक्रार झाली २०१८ मध्ये. स्पर्धा आयोगाने सविस्तर चौकशी लावली २०१९ मध्ये. १,३३७.७६ कोटींचा दंड झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण वागणूक बदलायला लावणाऱ्या काही सूचना काढून टाकल्या. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. व्हॉट्सॲपचंही तेच. जानेवारी २०२१ मध्ये नवीन अटी आल्या, मान्य करा नाहीतर चालते व्हा. दंड २१३.१४ कोटी, नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्याबरोबर जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना आपली माहिती द्यायला पाच वर्षांची बंदीही होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलात दंड राहिला, बंदी उठली. दोन्ही निकालांचा साचा बघा. पैसे घ्या, पण आमच्या यंत्राला हात लावू नका. एवढ्या मोठ्या कंपनीला दंड म्हणजे टोल. भरला की पुढे जाता येतं.

आधी नियम लिहायचा, मग गाडी सोडायची, ही पद्धत आपल्याला जमत नाही असंही नाही. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ नावाने निवडक साइट फुकट द्यायचा घाट घातला तेव्हा लोकांनी धो-धो पत्रं पाठवली आणि ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला साइटनुसार वेगळे दर लावायला मनाई केली. एका आदेशात विषय संपला. नुकसान होण्याआधी! डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा नेमका याच वाटेने जाणारा होता. मोठ्या कंपन्या आधीच ठरवायच्या आणि त्यांच्यावर आधीच अटी घालायच्या. तो मार्च २०२४ मध्ये सूचनांसाठी बाहेर आला, उद्योगांकडून ‘नवनिर्मिती मरेल’ असा ओरडा झाला, आणि २०२६ उजाडलं तरी त्याचा कायदा झालेला नव्हता.

इथे माझे आयटीतले मित्र लगेच म्हणतात, ‘अरे, तू परवाना राज परत आणतोयस.’ आक्षेप योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो. १९९१ आधीचा परवाना सांगायचा की तू स्कूटर बनवू शकतोस की नाही आणि किती. तो दुकान उघडण्यावरचा परवाना होता. मी म्हणतोय तो रस्ता अडवण्यावरचा. कुठल्याही दोन पोरांनी परळच्या एका खोलीत बसून ॲप लिहावं, त्यांना कोणाला विचारायची गरज पडू नये. पण ज्या दिवशी त्यांच्या ॲपशिवाय शहर चालेनासं होईल, त्या दिवशी शहराला त्यांच्याशी करार करता आला पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझा स्वतःचाच आहे. सरकारवर भरवसा कसा ठेवायचा? आपली सरकारं, कुठल्याही पक्षाची, टेक कंपन्यांकडे वळतात ती बहुतेक वेळा मजकूर काढून टाकायला. नको ती पोस्ट, नको ते व्यंगचित्र हटवायला आदेश तासांत निघतो. स्पर्धेचं प्रकरण मात्र वर्षानुवर्षं लोळत पडतं. याचं कारण साधं आहे. बेशिस्त पण आज्ञाधारक अशी बडी कंपनी सरकारला सोयीची असते. म्हणूनच मला नियमन हवंय ते ट्रामच्या कागदासारखं. सगळ्यांना वाचता येणारं, तारखा घातलेलं, कोर्टात भांडता येणारं. मंत्र्याच्या मर्जीवर चालणारं नको.

मग त्या कागदात काय असावं? ट्रामवरून शिकायचं तर तीनच गोष्टी. पहिली, मुदत आणि परतीचा दरवाजा. ॲप कोणाला विकत घ्यायचं नाहीये. पण माझे मेसेज, माझे फोटो, माझे ग्राहक घेऊन मला दुसरीकडे जाता आलं पाहिजे, आणि तिकडून जुन्या लोकांशी बोलताही आलं पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. ईमेल पहिल्यापासून असंच चालतं. दुसरी, नियम आधी. दंड हा नियमाला पर्याय नाही. आणि तिसरी, जी १९०५ मध्ये राहून गेली. टेबलावर नसलेल्या माणसासाठी एक ओळ. लालबागच्या पुलाखाली रात्री साडेअकराला पार्सल घेऊन थांबलेल्या पोराचा दिवस किती तासांचा, हे ठरवणारा दिवा आता त्याच्या हातातल्या फोनमध्ये आहे. तो किती वाजता विझवायचा हे कुठल्याही करारात लिहिलेलं नाही.

१९०५ चा दिवा ते १९११ चा बारा तासांचा कायदा, यात सहा वर्षं गेली होती. तेव्हा कामगाराला मत नव्हतं, संघटना जेमतेम होती, आणि सरकार परकं होतं. आपल्याकडे तिन्ही सबबी नाहीत.